आरतीनंतरचा एक तास आपल्या रॅपवाल्या पोरांना द्या : पुण्यातल्या गणेश मंडळांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या सार्वजनिक गणेश मंडळांचे अध्यक्ष, उत्सवप्रमुख आणि सगळे कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंय. स्टेजच्या बाजूला मिक्सरवर बसलेला, ज्याला तुम्ही "दादा, आवाज जरा वाढव की" म्हणून हात करता, तो मी. एका साउंडवाल्याकडे ऑपरेटर आहे, राहायला पर्वती पायथ्याला जनता वसाहतीत. त्याआधी, कॉलेज सुटल्यापासून तिशी येईपर्यंत, मी रॅपर होतो. मराठीत लिहायचो, मराठीत म्हणायचो. त्यातून काही उभं राहिलं नाही. हे पत्र त्याबद्दल आहे, पण त्याहून जास्त ते आज वसाहतीच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर बीट लावून लिहिणाऱ्या पोरापोरींबद्दल आहे. मागणी आधीच सांगून टाकतो : दहा दिवसांतली एक संध्याकाळ, आरतीनंतरचा एक तास, आपल्या भागातल्या रॅप करणाऱ्या पोरांना द्या. का द्यायचा, ते जरा सविस्तर सांगतो.

माझ्यासारखे या शहरात खूप आहेत, म्हणून माझंच उदाहरण घेतो. सुरुवातीला आम्ही पाचसात जण झेड ब्रिजवर नाहीतर एखाद्या टेकडीवर गोल करून उभे राहायचो. एकाने तोंडाने बीट द्यायचा, बाकीच्यांनी पाळीपाळीने म्हणायचं. याला सायफर म्हणतात. येणारेजाणारे बघायचे आणि पुढे जायचे. मग 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वस्त्यांमधल्या रॅपवरचा हिंदी सिनेमा आला, त्याच महिन्यात स्पॉटिफाय हे गाणी ऐकायचं ॲप भारतात आलं, त्याच वर्षी टीव्हीवर रॅपची स्पर्धा सुरू झाली. आता लोक थांबून ऐकायला लागले. घरात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "यात पैसा असतो का रे?" आम्हाला वाटलं, आता आपलंही होणार.

रेकॉर्डिंग घरातच. एक खोली, वर पत्रा. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत उभा राहून मी डोक्यावरून आईची गोधडी ओढून घ्यायचो. गोधडी घुमारा शोषून घेते, पत्र्यावरून परत येणारा आवाज माइकात शिरू देत नाही. मे महिन्यात दोन टेक झाले की बनियन पिळायला लागायचा. बीट यूट्यूबवरून घ्यायचा. फुकटच्या बीटवर गाणं चढवलं की कधी ना कधी कॉपीराइटचा क्लेम येतो, म्हणून पैसे साठवून लीजवर, म्हणजे भाड्याने, घ्यायचा, आणि ते लीजही ठरावीक स्ट्रीमपुरतंच असतं. मिक्सिंगला स्टुडिओत तासावर पैसे. एवढं करून गाणं रात्री बाराला सोडायचं आणि पहाटेपर्यंत आकडा बघत पडायचं.

त्या आकड्याचं गणित आमच्या आईवडिलांना कधीच कळलं नाही, म्हणून इथे लिहितो. यूट्यूबच्या जाहिरातीतला हिस्सा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं लागतं. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, त्या गाण्याला काहीच मिळणार नाही. माझी बहुतेक गाणी या रेषेच्या खाली राहिली. वर गेलेल्यांतूनही रिचार्जपुरते पैसे आले.

कोरेगाव पार्क, बाणेरकडच्या क्लबांत कधीमधी संधी मिळायची. तिथे पहिला प्रश्न : "तुझ्याबरोबर माणसं किती येतील?" माझी माणसं म्हणजे वसाहतीतली. त्यांना आत जायचे पैसे परवडत नव्हते, आणि ज्यांनी जमवले त्यांच्यातल्या दोघांना दारावरच्या माणसाने पायातल्या चपला बघून परत पाठवलं. मी आत स्टेजवर होतो आणि ज्यांच्या आयुष्यावर ती गाणी लिहिली होती ते बाहेर रिक्षा स्टँडवर. समोर जे होते ते चांगले होते, टाळ्याही देत होते, पण नळावरच्या भांडणाची ओळ म्हटली की कुणी हसायचं नाही, कुणी खालीही बघायचं नाही. ती ओळ त्यांची नव्हती.

माझ्या आईने मला स्टेजवर रॅप करताना आजपर्यंत पाहिलेलं नाही. मोबाइलवर पाहिलंय, तेही आवाज बारीक करून, कारण शेजारी झोपलेले असतात.

रॅप मी ठरवून सोडलं नाही. आधी क्लबांचे फोन बंद झाले. मग मित्र एकेक करून कामाला लागले, कुणी डिलिव्हरीवर, कुणी चाकणला कंपनीत. मग घरात वडिलांचं आजारपण आलं आणि बीटसाठी बाजूला ठेवलेले पैसे औषधांना गेले, जायलाच हवे होते. लिहिणं सगळ्यात शेवटी थांबलं. थांबल्यावरही डोक्यात ओळी यायच्या. पीएमपीच्या बसमध्ये यमक जुळायचं आणि मी ते उतरवून घ्यायचो नाही. लग्नकार्यात कुणीतरी प्रेमानेच विचारायचं, "काय रे, गाण्याचं काय झालं तुझ्या?" उत्तर द्यायला नको म्हणून मी पंगत वाढायला उठायचो. झेड ब्रिजवरून जायला नको म्हणून लकडी पुलावरून जायचो. ज्यांचं लग्न मोडतं, नोकरी जाते, त्यांना लोक चार शब्द बोलून धीर देतात. गाणं गेलेल्याला काय बोलायचं ते कुणालाच सुचत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला काही गेलेलं दिसतच नाही.

साउंडचं काम पोटासाठी धरलं. त्यात पहिले काही महिने मला माइकला हात लावायची भीती वाटायची, आणि कामच असं की सगळ्यात आधी माइक तपासायचा असतो. "हॅलो, चेक, चेक, वन, टू." एकदा सातारा रस्त्याच्या बाजूला एका मैदानावर आम्ही दुपारीच सेटअप लावला. मांडववाले वर चढून कापड ताणत होते. मालक म्हणाला, नुसतं हॅलो हॅलो करू नकोस, जरा लांब बोल, मला मागच्या टॉपपर्यंत, म्हणजे मागच्या स्पीकरपर्यंत, जाऊन ऐकायचंय. लांब बोलायचं म्हणजे काय बोलायचं? माझ्या तोंडून माझेच जुने सोळा बार, म्हणजे रॅपच्या सोळा ओळी, बाहेर पडले. वडिलांच्या हमालीवरचे. बीट नाही, काही नाही. म्हणून झाले तेव्हा हातोड्याचा आवाज थांबलेला होता. वर बांबूवर बसलेला एक जण, दातात सुतळी धरलेली, ती काढून ओरडला, "शेठ, तेच परत म्हणा, ते भवानी पेठेतलं." मी परत म्हटलं. मार्केट यार्डात त्याचा भाऊ हमाल आहे, हे त्याने खाली उतरल्यावर सांगितलं.

त्या दुपारनंतर मी परत लिहायला लागलो. गाणी सोडत नाही, आकडे बघत नाही. मला एवढं कळलं की इतकी वर्षं जे ऐकणारं माणूस मी शोधत होतो ते मांडवाच्या बांबूवर बसलेलं होतं, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मला कुठल्याच ॲपची गरज नव्हती. एक माइक, दोन टॉप आणि तो जिथे आहे ती जागा, एवढंच हवं होतं. ती जागा या शहरात तुमच्याकडे आहे. म्हणून पत्र तुम्हाला लिहितोय; महापालिकेला किंवा कुठल्या म्युझिक कंपनीला लिहून उपयोग नाही.

आता पोरांबद्दल. काम नसेल त्या रविवारी वसाहतीतली काही पोरं माझ्याकडे बसतात. त्यांना मी श्वास कुठे घ्यायचा ते सांगतो. माइकची जाळी मुठीत धरायची नाही हे सांगतो. व्हिडिओत मोठे रॅपर तसं धरतात म्हणून सगळे धरतात, पण जाळी झाकली की माइक सगळीकडचा आवाज ओढतो, शिट्टी मारतो आणि शब्द तोंडात कोंबल्यासारखे ऐकू येतात. यमकाचंही सांगतो. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे नवं पोरगं प्रत्येक ओळ 'आहे', 'नाही', 'गेला'वर आणून टाकतं आणि त्याला वाटतं जुळलं. मी म्हणतो, क्रियापद आत घे, शेवटी वस्तू येऊ दे. नववीतल्या एका मुलीने मागच्या उन्हाळ्यात हे लिहून आणलं :

चारला उठते हंडा घेऊन, सातला बसते बाकावर,
बाई म्हणते लक्ष कुठंय? लक्ष माझं नळावर.

मी इतकी वर्षं लिहिलं, पण शाळेच्या बाकावर बसून नळ ऐकणारी मुलगी माझ्या एकाही गाण्यात आली नाही. ही ओळ तिच्या बाईंनी ऐकायला हवी, तिच्या गल्लीने ऐकायला हवी. सध्या ती फक्त माझ्या खोलीत वाजते.

या मुलीला मी काय सांगू? की मोठी हो, व्हायरल हो, टीव्हीवर जा? शंभरात एखादी जाईल. उरलेल्यांनी माझ्यासारखं पूल बदलून चालायचं का? दुसऱ्या कलांच्या बाबतीत पुण्यात असं होत नाही. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. दरवर्षी भरत नाट्य मंदिरात पोरं "अरे आव्वाज कुणाचा" करून घसा बसवतात. त्यातले पुढे नट होतात ते मोजके. बाकीचे बँकेत जातात, आयटीत जातात, शिक्षक होतात आणि वीस वर्षांनीसुद्धा ताठ मानेने सांगतात की आम्ही पुरुषोत्तम केलंय. त्यांना कुणी "तुझं नाटक फसलं ना" असं विचारत नाही. 2022 मध्ये तर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. केवढी चर्चा झाली! तरी पुढच्या वर्षी संघ आलेच.

ढोलताशा पथकांचं बघा. हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी ऑफिस सुटल्यावर नदीपात्रात सरावाला येते, हाताला फोड येईपर्यंत वाजवते. तिला घरचे विचारत नाहीत की यातून करिअर होणार का. भजनी मंडळातल्या आजीला कुणी विचारत नाही की तुमचे फॉलोअर किती. या सगळ्यांना गाण्यावाजवण्यासाठी एक जागा आहे, वर्षातले ठरलेले दिवस आहेत, ओळखीची माणसं समोर आहेत. तिथे कुणी जिंकलं नाही म्हणून संपत नाही.

रॅप करणाऱ्या पोराला यातलं काहीच नाही. त्याच्यासमोर एका टोकाला खोली आणि गोधडी, दुसऱ्या टोकाला टीव्ही आणि मोठं नाव. मध्ये उभं राहायला फळीसुद्धा नाही. माझी गाणी कमी पडली असतील, मला ते मान्य करायला जड जात नाही. पण मध्ये फळी असती तर मी कमी पडूनही गात राहिलो असतो, गल्लीतला रॅप म्हणणारा दादा म्हणून. कॉलेजच्या स्पर्धांचं दार कॉलेजच्या ओळखपत्रावर उघडतं, आणि आमच्याकडची कितीतरी पोरं बारावीच्या आधीच कामाला लागतात. पालिकेचं नाट्यगृह भाड्याने घ्यायचं तर अनामत भरा, तारीख मिळवा. राहतो तो तुमचा मांडव. तो आमच्या घरापासून दोन मिनिटांवर आहे, वीज आहे, परवानगी आहे, आणि आरतीला आलेली सगळी गल्ली तिथे आधीच उभी आहे.

कुणी म्हणेल, गणपतीत रॅप कशाला, ही आपली परंपरा नाही. माझ्या मते हीच आपली परंपरा आहे, मध्यंतरी आपण ती बंद पडू दिली. सार्वजनिक उत्सव सुरू झाला त्या 1890 च्या दशकापासून पुण्यात मेळे असायचे. पंधरावीस पोरांचा गट, एकसारखे कपडे, आणि त्या वर्षीच्या घडामोडींवर रचलेली पदं. गणपतीगणपती फिरून ती म्हणायची. इंग्रज सरकारची त्या पदांवर नजर असायची, म्हणजे ती किती धारदार असतील बघा. 1920 च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा आणि सन्मित्र समाज मेळा यांच्यात पदांमधून जो सामना झाला तो या शहराच्या इतिहासात नोंदलेला आहे. एका मेळ्याने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. त्यातली भाषा पुष्कळदा विखारी झाली, ते मी आदर्श म्हणून सांगत नाही. पण या शहराचे मोठे वाद एके काळी याच उत्सवात, चालीवर, पोरांच्या तोंडून मांडले जात होते. तमाशाच्या फडावर कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र एकमेकांना सवाल घालत होते. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा तेही कामगारांच्या वस्तीतच जाऊन गायले. आमच्या पोरांना तुम्ही बाहेरचं काहीतरी आणणारे समजू नका.

आणि हिपहॉप जिथे जन्मलं तिथली गोष्टही ऐका. 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली 1520 सेजविक अव्हेन्यू ही इमारत. एका शाळकरी मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायचे होते, म्हणून तिने इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये पार्टी ठेवली. प्रवेश मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड वाजवायला तिचा मोठा भाऊ, जमैकातून आलेल्या कुटुंबातला, पुढे डीजे कूल हर्क म्हणून जगभर माहीत झालेला. त्या संध्याकाळी तिथे कुठली कंपनी नव्हती, परीक्षक नव्हते. इमारतीतली, आसपासची पोरं होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सोसायटीच्या हॉलमध्ये, वर्गणी काढून, घरच्याच साउंडवर ते सुरू झालं. तुम्ही दरवर्षी करता ते याहून वेगळं काय आहे?

आता माझ्या धंद्याचं बोलतो. डॉल्बीची भिंत लावण्याच्या कामावर माझं पोट आहे, तरीही सांगतो : रॅपला भिंत लागत नाही. भिंत लागली तर रॅप मरतो. शब्दाची धार, त-ट-क-च यांचा स्पष्टपणा, हा आवाजाच्या वरच्या पट्टीत असतो. खाली बेस छातीत धडकेपर्यंत चढवला की तो सगळी धार झाकून टाकतो. लोकांना फक्त हुंकार ऐकू येतात. मांडवापुढच्या दोनशे माणसांना रॅप नीट ऐकवायला दोन टॉप, एक छोटा मिक्सर आणि वायरचे दोन माइक पुरतात. बेस लावलाच तर एक, आणि तो अर्ध्यावर. कॉर्डलेस नको, गर्दीत सिग्नल तुटतो आणि नेमकी चांगली ओळ गिळतो. विसर्जनाच्या दिवशी सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात, आकडा शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाही. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 आहे आणि रात्री दहानंतर सूट नसलेल्या दिवशी स्पीकर बंदच ठेवायचा असतो. साडेआठला आरती, पावणेनऊला सुरू, पावणेदहाला संपलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना झोपेची गोळी घ्यायला लागणार नाही.

वेळही कमी लागतो. सोळा बार म्हणजे चौसष्ट ठोके. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या बीटवर ते पाऊण मिनिटाच्या आत संपतात. समजा प्रत्येक पोराला तीन मिनिटं दिली, त्यात माइक हातात घेणं, नाव सांगणं, घाबरणं, पाणी पिणं सगळं आलं, तरी एका तासात पंधरा पोरं सहज होतात. एका गल्लीला पंधरा रॅपर मिळतील की नाही हीच शंका आहे. मग उरलेल्या वेळात बीटबॉक्स, म्हणजे नुसत्या तोंडाने वाजवलेला ताल, होऊ दे, शाहिरी म्हणणारे कुणी काका असतील तर त्यांना बोलवा. पोवाड्याच्या मागे रॅप ऐकला की लोकांना दोन्हीचा ठेका लगेच ओळखू येतो, हे मी एका जयंतीच्या कार्यक्रमात मिक्सरवर बसून पाहिलंय.

तुमची खरी भीती मला माहीत आहे. पोरं शिव्या देतील, समोर बायाबापड्या बसलेल्या, गणपती समोर. ही भीती खोटी नाही. एप्रिल 2023 मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅपवरून गुन्हा दाखल झाला, तेव्हापासून पुण्यात रॅप म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतं. यावर माझं म्हणणं सरळ आहे. मांडवात शिवी नाही, हा नियम पोरांना आधी सांगा. ती पाळतात. आपल्या आईसमोर म्हणायचंय म्हटलं की पोरगं स्वतःच ओळ बदलून आणतं. आदल्या दिवशी एका कार्यकर्त्याने बसून सगळ्यांचं एकदा ऐकून घ्यावं.

पण ऐकणाऱ्या त्या कार्यकर्त्याला माझी एक कळकळीची विनंती आहे. शिवी काढा, तक्रार काढू नका. पोरगं पाण्यावर म्हणेल, ड्रेनेजवर म्हणेल, विनाकारण पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलं त्यावर म्हणेल. मागे फ्लेक्सवर ज्यांचा फोटो आहे त्यांच्याबद्दलही एखादी ओळ येईल. वर्गणीचा मोठा आकडा त्यांच्याकडून येतो हे मला कळतं, मी तुमच्या बैठकांना बाहेर वायरी गुंडाळत बसलेलो असतो. तरीही ती ओळ राहू द्या. मेळ्यांनी सरकारला भ्यायचं नाकारलं होतं. आपण एका फ्लेक्सला किती भ्यायचं? आणि ज्यांचा फोटो आहे त्यांनाही पहिल्या रांगेत बसवा. त्यांनी ऐकलं तर त्यांच्याच कामाचं आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगायलाच हवं. माझ्याकडे येणाऱ्यांत ज्या सगळ्यात चांगलं लिहितात त्या दोघीही मुली आहेत, आणि दोघींच्या घरी ते माहीत नाही. क्लबात त्यांना कुणी पाठवणार नाही, टेकडीवर अंधार पडल्यावर त्या थांबू शकत नाहीत. मांडवात त्या लहानपणापासून येतात. रांगोळीला, अथर्वशीर्षाला, संगीत खुर्चीला घरच्यांनीच पाठवलंय त्यांना. या एकाच ठिकाणी त्या माइक हातात घेऊ शकतील आणि घरी कुणाला काही लपवावं लागणार नाही. नावं मागवताना मुलींची नावं आधी घ्या.

बक्षीस ठेवू नका, एवढं ऐका. पहिला, दुसरा, तिसरा आला की उरलेली बारा पोरं घरी जाऊन परत आकडे मोजायला लागतील. सगळ्यांना एक नारळ आणि एकेक गुलाबाचं फूल द्या, तुमच्या सत्कारात देता तसंच. पैसे द्यायचेच असतील तर सगळ्यांना सारखे द्या, आणि कार्यक्रम संपला की लगेच, पाकिटात. "नंतर बघू" ऐकून मी कंटाळलो होतो, त्यांना ते ऐकायला लावू नका. आणि वर्षाच्या शेवटी तुम्ही जो अहवाल छापता, त्यात देखाव्याच्या फोटोखाली, रक्तदान शिबिराच्या शेजारी, त्यांची नावं पूर्ण छापा. मोबाइलवरचं नाव दोन दिवसांत खाली सरकतं, अहवाल मात्र लोक कपाटात जपून ठेवतात.

2025 मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. त्याचा मान मोठ्या मंडळांना मिळेल, मिळू दे. माझं पत्र मुख्यतः लहान मंडळांना आहे. ज्यांचा मांडव एका गल्लीत मावतो, ज्यांची वर्गणी पन्नास-शंभरच्या पावत्यांवर गोळा होते, ज्यांच्याकडे गर्दी देखावा बघायला येत नाही. तुमच्याकडे गौरी विसर्जनानंतरचे मधले दिवस रिकामे असतात. साउंड भाड्याने आणलेला असतोच, दिवसभर त्यावर तीच ती गाणी लागलेली असतात. त्यातल्या एका दिवसाचा एक तास मागतोय. खर्च शून्याच्या जवळपास आहे, हे मी धंद्यातला माणूस म्हणून लिहून देतो.

बहुतेक मंडळांची पहिली बैठक आषाढात होते. त्या बैठकीत हा एक विषय घ्या. "आमच्याकडे कोण रॅप करतं?" असं नुसतं विचारा, बैठकीत दाराशी उभ्या असलेल्या पोरांमधूनच एखादा हात वर येईल. पर्वती, दत्तवाडी, दांडेकर पूल, अप्पर, इथल्या कुठल्याही मंडळाने ठरवलं तर त्या संध्याकाळी मिक्सरवर मी बसेन, त्याचे पैसे घेणार नाही. आधीच्या रविवारी येऊन पोरांना माइक कसा धरायचा तेही दाखवेन. बैठकीची तारीख ठरली की कुठल्याही साउंडवाल्याकडे निरोप ठेवा, आमच्या लाइनमध्ये निरोप पोचतो.

आपला,
पर्वती पायथ्याचा एक साउंड ऑपरेटर